काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाचे प्रशासकीय विभाग आणि प्रमुख नगरांचा इतिहास

काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक हा मध्य आफ्रिकेतील देश प्रशासनाच्या सोयीसाठी २६ घटकांत विभागलेला आहे. त्यांपैकी २५ प्रांत असून २६ वा घटक म्हणजे प्रांताचा दर्जा लाभलेले राजधानीचे शहर किन्शासा होय. ही रचना २००६ च्या संविधानात नमूद केलेली असली, तरी ती प्रत्यक्षात २०१५ मध्ये अमलात आली. त्यापूर्वी देशात किन्शासा धरून ११ प्रांत होते. सुमारे २३.४५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा देश आफ्रिकेत आकाराने अल्जीरियाच्या खालोखाल दुसरा आहे. १८८८ पासून आजपर्यंत त्याच्या अंतर्गत सीमा अनेकदा बदलल्या. प्रत्येक बदलामागे त्या त्या काळातील सत्तेची गरज होती. कधी रबर व तांब्याची वाहतूक, कधी फुटीर चळवळींचा बंदोबस्त, तर कधी केंद्र व प्रांत यांच्यातील महसुलाची वाटणी. या सीमाबदलांबरोबर अनेक नगरांचा उदय झाला, त्यांची नावे बदलली, तर काहींचे महत्त्व ओसरले.

भौगोलिक पार्श्वभूमी

देशातील जुन्या नगरांची स्थाने समजून घेण्यासाठी काँगो नदीचा प्रवाह ध्यानात घ्यावा लागतो. अटलांटिक महासागरातून येणारी जहाजे नदीच्या मुखातून मातादीपर्यंत जाऊ शकतात. तेथून पुढे लिव्हिंग्स्टन धबधब्यांची मालिका असल्याने जलवाहतूक अशक्य होते. धबधबे संपतात तेथे नदी रुंदावून एक विस्तीर्ण जलाशय तयार होतो. या जलाशयाच्या दक्षिण तीरावर किन्शासा, तर समोरच्या तीरावर शेजारील काँगोचे प्रजासत्ताक या देशाची राजधानी ब्राझाव्हिल आहे. किन्शासापासून किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर नदी पुन्हा नौकानयनास योग्य आहे. किसांगानीच्या वर बोयोमा धबधबे लागतात आणि जलमार्ग पुन्हा खंडित होतो. म्हणजेच जेथे बोटीतील माल उतरवून दुसऱ्या वाहनावर चढवावा लागे, तेथेच ठाणी बसली आणि त्या ठाण्यांची पुढे शहरे झाली. खनिजपट्ट्यातील लुबुंबाशी, कोल्वेझी व म्बुजी-मायी ही नगरे मात्र या नियमाला अपवाद आहेत. त्यांचा जन्म नदीमुळे झाला नसून तांबे व हिरे यांमुळे झाला.

वसाहतपूर्व काळ

युरोपीय सत्ता येण्यापूर्वी या प्रदेशात अनेक संघटित राज्ये होती. नदीच्या मुखाजवळ कोंगो राज्य होते. त्याची राजधानी म्बान्झा कोंगो आजच्या अंगोलात आहे. दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात लुबा आणि लुंडा ही राज्ये नावारूपास आली. आजच्या कटांगा भागात एकोणिसाव्या शतकात म्सिरी या राजाने बुंकेया येथे राजधानी वसवून तांबे व हस्तिदंत यांच्या व्यापारावर वर्चस्व मिळवले. २० डिसेंबर १८९१ रोजी बेल्जियमच्या राजासाठी आलेल्या मोहिमेतील अधिकाऱ्याने म्सिरीला ठार केले आणि हा प्रदेश काँगो मुक्त राज्याला जोडला गेला. पूर्वेकडे झांझिबारहून आलेल्या अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांचे जाळे होते. त्यांच्यामुळे पूर्व काँगोत स्वाहिली भाषा रुजली आणि ती आजही तेथील प्रमुख व्यवहारभाषा आहे.

प्रशासकीय विभागणीचा इतिहास

काँगो मुक्त राज्य (१८८५–१९०८)

बर्लिन परिषदेनंतर १८८५ मध्ये हा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या वैयक्तिक मालकीचा झाला. १ ऑगस्ट १८८८ च्या हुकुमाने त्याचे ११ जिल्हे पाडण्यात आले. बनाना, बोमा, मातादी, कातारॅक्त, स्टॅन्ली पूल, कसाई, एक्वातेर, उबांगी-उएले, अरुविमी-उएले, स्टॅन्ली फॉल्स आणि लुआलाबा अशी त्यांची नावे होती. यांतील पहिले चार जिल्हे समुद्राजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीने वसलेले होते, तर आतील जिल्हे अवाढव्य होते. युरोपीय अधिकारी जेथे प्रत्यक्ष पोहोचले होते तेथे लहान जिल्हे आणि जेथे केवळ नकाशावर सत्ता होती तेथे मोठे जिल्हे, असे त्या विभागणीचे स्वरूप होते. जिल्हाधिकाऱ्यांचे मुख्य काम रबर व हस्तिदंत यांची वसुली हे होते. सक्तीच्या वसुलीतून झालेल्या अत्याचारांविरुद्ध जगभर आवाज उठल्यावर १५ नोव्हेंबर १९०८ रोजी बेल्जियमच्या शासनाने हा प्रदेश राजाकडून आपल्या ताब्यात घेतला.

बेल्जियन काँगो (१९०८–१९६०)

बेल्जियन शासनाने स्थानिक राजवटींना प्रशासनाच्या तळाशी बसवले. २ मे १९१० च्या हुकुमाने परंपरागत प्रमुखाच्या अधिकारक्षेत्राला ‘शेफरी’ म्हणून मान्यता देण्यात आली. ज्या गटांचे स्वतंत्र प्रमुखपद चालवणे शासनाला गैरसोयीचे वाटे, असे लहान गट पुढे एकत्र करून त्यांचे ‘सेक्तर’ बनवण्यात आले. ५ डिसेंबर १९३३ च्या हुकुमाने या दोन्ही घटकांची रचना निश्चित केली. शेफरी व सेक्तर हे दोन्ही शब्द आजच्या कायद्यातही कायम आहेत.

वरच्या स्तरावर प्रथम काँगो-कसाई, एक्वातेर, ओरिएंताल आणि कटांगा असे चार मोठे प्रांत होते. १९३३ मध्ये त्यांचे सहा करण्यात आले आणि प्रांतांना त्यांच्या मुख्यालयांची नावे देण्यात आली. १९४७ मध्ये लेओपोल्डव्हिल, एक्वातेर, ओरिएंताल, किवू, कटांगा व कसाई ही नावे रूढ झाली. स्वातंत्र्याच्या वेळी हेच सहा प्रांत अस्तित्वात होते.

वसाहतकालीन शहरांची रचना वंशभेदावर आधारित होती. युरोपीय वस्तीला ‘व्हिल’ आणि आफ्रिकी वस्तीला ‘सिते’ म्हणत. दोहोंच्या मध्ये मोकळा पट्टा राखला जाई. आफ्रिकी लोकांच्या शहरातील वास्तव्यावर आणि रात्रीच्या वावरावर निर्बंध होते. २६ मार्च १९५७ च्या हुकुमाने प्रमुख शहरांना ‘कम्यून’ म्हणजे नगरप्रभागांत विभागून निवडणुकीची तरतूद केली. त्यानुसार डिसेंबर १९५७ मध्ये लेओपोल्डव्हिल, एलिझाबेथव्हिल व जादोव्हिल या शहरांत निवडणुका झाल्या. लेओपोल्डव्हिलच्या देंदाल कम्यूनचे महापौर झालेले जोसेफ कासावुबू हेच १९६० मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. अशा रीतीने काँगोतील राष्ट्रीय राजकारणाची पहिली पायरी नगरप्रशासन ही ठरली.

स्वातंत्र्य आणि ‘प्रांतिका’ (१९६०–१९६६)

३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. अवघ्या ११ दिवसांनी, ११ जुलै रोजी, मोइझ चोम्बे यांच्या नेतृत्वाखाली कटांगा प्रांताने स्वतःला स्वतंत्र घोषित केले. ऑगस्टमध्ये आल्बेर कालोंजी यांनी दक्षिण कसाई वेगळे काढले. देशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या दोन खनिजसंपन्न प्रदेशांतून येत असल्याने केंद्र शासन दुर्बल झाले. कटांगाचे फुटीर राज्य जानेवारी १९६३ पर्यंत टिकले.

मोठे व श्रीमंत प्रांत फुटीरतेला बळ देतात असा निष्कर्ष काढून १९६२ पासून सहा प्रांतांचे तुकडे करण्यात आले. १९६४ च्या संविधानात राजधानीव्यतिरिक्त २१ प्रांतांचा उल्लेख होता. ते आकाराने लहान असल्याने त्यांना उपहासाने ‘प्रांतिका’ म्हटले जाई. हे संविधान लुलुआबुर म्हणजे आजच्या कनांगा येथे तयार झाल्यामुळे ‘लुलुआबुर संविधान’ या नावाने ओळखले जाते. प्रांतिकांच्या सीमा बहुधा जमातींच्या वस्तीनुसार आखलेल्या असल्याने बहुसंख्याकांना स्वतःचे शासन मिळाले, परंतु सीमावर्ती अल्पसंख्याक असुरक्षित झाले आणि अनेक ठिकाणी संघर्ष उद्भवले.

मोबुटू राजवट (१९६५–१९९७)

नोव्हेंबर १९६५ मध्ये सत्ता हाती घेतल्यावर जोसेफ-देझिरे मोबुटू यांनी प्रांतांची संख्या प्रथम १२ व नंतर आठ अधिक राजधानी अशी घटवली. प्रांतांच्या विधानसभा गेल्या आणि राज्यपाल केंद्राकडून नेमले जाऊ लागले. राज्यपालाची नेमणूक त्याच्या मूळ प्रांताबाहेर करण्याचा व त्याची वरचेवर बदली करण्याचा प्रघात पडला, जेणेकरून कोणालाही स्थानिक पाठबळ उभारता येऊ नये. २७ ऑक्टोबर १९७१ रोजी देशाचे नाव झाईर असे झाले आणि कटांगाला ‘शाबा’ हे नाव मिळाले. स्वाहिली भाषेत शाबा म्हणजे तांबे. १९८८ मध्ये किवू प्रांताची उत्तर किवू, दक्षिण किवू व मानिएमा अशी विभागणी होऊन राजधानी धरून प्रांतांची संख्या ११ झाली. १९९७ मध्ये मोबुटू यांची सत्ता संपुष्टात आल्यावर देशाला व अनेक प्रांतांना जुनी नावे परत मिळाली.

२००६ चे संविधान आणि २०१५ ची पुनर्रचना

दोन युद्धांनंतर तयार झालेले संविधान १८ फेब्रुवारी २००६ रोजी जारी झाले. त्याच्या दुसऱ्या अनुच्छेदात २५ प्रांत व किन्शासा यांची यादी दिलेली आहे. ही रचना ३६ महिन्यांत अमलात आणावी असे मूळ बंधन होते. ते पाळले गेले नाही आणि जानेवारी २०११ च्या घटनादुरुस्तीने ही मुदतच काढून टाकण्यात आली. पुढे २८ फेब्रुवारी २०१५ च्या कायद्याने कार्यक्रम ठरवून त्याच वर्षी नवे प्रांत स्थापन करण्यात आले. पाच घटक पूर्वीच्याच सीमांसह कायम राहिले आणि उरलेल्या सहा प्रांतांचे २१ प्रांत झाले.

शासनाची भूमिका अशी होती, की लहान प्रांतांमुळे प्रशासन लोकांच्या जवळ जाईल. टीकाकारांच्या मते पूर्वतयारीविना घाईने केलेल्या या विभाजनाचा एक हेतू श्रीमंत कटांगा प्रांताचे व त्याचे लोकप्रिय राज्यपाल मोइझ कातुंबी यांचे राजकीय बळ मोडणे हा होता. कातुंबी यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये सत्ताधारी पक्षाचा राजीनामा दिला. नव्या प्रांतांचा कारभार प्रथम केंद्राने नेमलेल्या विशेष आयुक्तांकडे सोपवण्यात आला आणि मार्च २०१६ मध्ये तेथे राज्यपालांच्या निवडणुका झाल्या.

सध्याचे प्रांत व त्यांची मुख्यालये

पूर्वीच्याच सीमांसह राहिलेले घटक:
- किन्शासा (राजधानीचे शहर)
- कोंगो सेंट्रल, पूर्वीचा बा-कोंगो (मातादी)
- मानिएमा (किंदू)
- उत्तर किवू (गोमा)
- दक्षिण किवू (बुकावू)

पूर्वीच्या बांदुंदू प्रांतातून:
- क्वांगो (केंगे)
- क्विलू (बांदुंदू)
- माई-न्दोम्बे (इनोंगो)

पूर्वीच्या एक्वातेर प्रांतातून:
- एक्वातेर (म्बांडाका)
- मोंगाला (लिसाला)
- उत्तर उबांगी (ग्बादोलिते)
- दक्षिण उबांगी (गेमेना)
- चुआपा (बोएंदे)

पूर्वीच्या पश्चिम कसाई प्रांतातून:
- कसाई (चिकापा)
- मध्य कसाई (कनांगा)

पूर्वीच्या पूर्व कसाई प्रांतातून:
- पूर्व कसाई (म्बुजी-मायी)
- लोमामी (काबिंदा)
- सांकुरू (लुसाम्बो)

पूर्वीच्या कटांगा प्रांतातून:
- वरचा कटांगा (लुबुंबाशी)
- वरचा लोमामी (कामिना)
- लुआलाबा (कोल्वेझी)
- टांगानिका (कालेमी)

पूर्वीच्या ओरिएंताल प्रांतातून:
- खालचा उएले (बुता)
- वरचा उएले (इसिरो)
- इतुरी (बुनिया)
- चोपो (किसांगानी)

प्रांतनावांतील ‘वरचा’ व ‘खालचा’ हे शब्द नकाशावरील उत्तर-दक्षिण दाखवत नाहीत. नदीच्या उगमाकडील भाग तो वरचा व मुखाकडील भाग तो खालचा, असा त्यांचा अर्थ आहे. सव्वीसांपैकी निम्म्याहून अधिक प्रांतांना नद्यांची वा सरोवरांची नावे आहेत.

प्रांताखालील रचना

प्रांताखालील घटकांची व्यवस्था ७ ऑक्टोबर २००८ च्या मूलभूत कायद्याने ठरवलेली आहे. या कायद्याने घटकांचे दोन प्रकार मानले आहेत.

पहिला प्रकार विकेंद्रित घटकांचा. शहर, कम्यून, सेक्तर आणि शेफरी हे चार घटक त्यात येतात. त्यांना कायदेशीर व्यक्तित्व, स्वतःची परिषद व स्वतःचा अर्थसंकल्प असतो. दुसऱ्या प्रकारातील घटक केवळ प्रशासकीय सोयीसाठी असतात. तेरितुआर, मोहल्ला, ग्रूपमाँ (गावांचा समूह) आणि गाव हे ते घटक होत. त्यांना स्वतंत्र व्यक्तित्व नसते.

ग्रामीण भागातील क्रम पुढीलप्रमाणे आहे. प्रांताचे तेरितुआर होतात. देशात एकूण १४५ तेरितुआर आहेत. प्रत्येक तेरितुआरवर शासनाने नेमलेला प्रशासक असतो. तेरितुआरमध्ये सेक्तर व शेफरी येतात व त्यांची देशातील संख्या सातशेहून अधिक आहे. त्यांच्याखाली ग्रूपमाँ आणि सर्वांत तळाशी गाव असते. शहरी भागात शहर, कम्यून व मोहल्ला असा क्रम असतो. प्रांताचे मुख्यालय असलेल्या ठिकाणाला शहराचा दर्जा मिळतो. तसेच किमान एक लाख लोकवस्ती व आवश्यक सोयी असलेल्या वस्तीलाही तो देता येतो. कम्यूनसाठी लोकसंख्येची ही अट २० हजारांची आहे.

वसाहतकाळापासून प्रांत व तेरितुआर यांच्या दरम्यान ‘जिल्हा’ हा स्तर होता. २०१५ मधील बहुतेक नवे प्रांत म्हणजे प्रांतपदी पोहोचलेले जुने जिल्हेच आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकांत चुआपा, सांकुरू किंवा इतुरी यांचा उल्लेख जिल्हा म्हणून आढळतो.

परंपरागत प्रमुख आणि शासन

सेक्तर व शेफरी यांतील भेद वरवर तांत्रिक वाटला, तरी त्याचे परिणाम गंभीर असतात. शेफरी ही एका परंपरेने बांधलेल्या समाजाची वस्ती असते. तिचा प्रमुख रूढीनुसार ठरतो आणि शासन त्याला मान्यता देते. सेक्तरमध्ये वेगवेगळ्या परंपरांचे अनेक समाज एकत्र असतात. त्याच्या प्रमुखाची निवड परिषदेने करावी असे कायदा सांगतो. ग्रूपमाँचा प्रमुखही परंपरेनेच ठरतो. जमिनीचे वाटप, तंट्यांचा निवाडा व कर यांबाबत या प्रमुखांचा शब्द महत्त्वाचा असतो. म्हणूनच एखाद्या प्रमुखाला शासनाने मान्यता द्यावी की न द्यावी, हा प्रश्न राजकीय बनतो.

२०१६ मध्ये मध्य कसाई प्रांतातील दिबाया तेरितुआरमध्ये याचा प्रत्यय आला. ‘कामुइना न्सापू’ हे परंपरागत पद धारण करणाऱ्या प्रमुखाला प्रांताच्या प्रशासनाने मान्यता नाकारली. त्यातून वाढलेल्या संघर्षात ऑगस्ट २०१६ मध्ये सुरक्षा दलांच्या कारवाईत तो मारला गेला. त्यानंतर उसळलेले बंड कसाई विभागातील अनेक प्रांतांत पसरले आणि दहा लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. मार्च २०१७ मध्ये या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या दोन तज्ज्ञांची हत्या झाली. प्रशासनाच्या तळच्या पायरीवरील एका पदाच्या मान्यतेचा वाद संपूर्ण प्रदेशाला वेढू शकतो, हे या घटनेतून दिसून आले.

प्रमुख नगरे

बोमा आणि मातादी

नदीच्या मुखाजवळील बोमा हे युरोपीय व्यापाऱ्यांचे जुने ठाणे. गुलामांच्या व्यापाराचेही ते केंद्र होते. १८८६ मध्ये काँगो मुक्त राज्याची राजधानी येथे आली. किनाऱ्याजवळची ही राजधानी अंतर्भागावर राज्य करण्यास अपुरी ठरल्याने १९२३ मध्ये ती लेओपोल्डव्हिलला हलवण्याचा निर्णय झाला व १९२९ पर्यंत स्थलांतर पूर्ण झाले.

मातादीची स्थापना हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याने १८७९ मध्ये केली. कोंगो भाषेत मातादी म्हणजे दगड. धबधब्यांना वळसा घालून जाणारा मातादी–लेओपोल्डव्हिल लोहमार्ग १८९० ते १८९८ या काळात बांधला गेला. अधिकृत आकड्यांनुसार या कामावर सुमारे १,८०० आफ्रिकी व १३२ युरोपीय लोक मृत्युमुखी पडले. १९८३ मध्ये जपानच्या साहाय्याने येथे नदीवर झुलता पूल उभारण्यात आला.

किन्शासा

१८८१ मध्ये स्टॅन्लीने न्गालिएमा या स्थानिक प्रमुखाशी करार करून जलाशयाच्या काठी ठाणे उभारले आणि त्याला राजाच्या नावावरून लेओपोल्डव्हिल असे नाव दिले. त्या काळी तेथे किन्ताम्बो, न्शासा इत्यादी गावे होती. न्शासावरूनच आजचे नाव आले. लोहमार्ग सुरू झाल्यावर समुद्राकडील माल येथे बोटींवर चढू लागला आणि ठाण्याचे शहर झाले. ४ जानेवारी १९५९ रोजी एका राजकीय सभेला परवानगी नाकारल्यावरून येथे उठाव झाला. त्यानंतर दीड वर्षात बेल्जियमला सत्ता सोडावी लागली. आज या शहरात २४ कम्यून आहेत. प्रत्येक कम्यूनचा प्रमुख ‘बुर्गमेस्त्र’ या बेल्जियन पदनावाने ओळखला जातो. लोकसंख्येच्या दृष्टीने किन्शासाची गणना आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या शहरांत होते.

किसांगानी

१८८३ मध्ये स्टॅन्लीने बोयोमा धबधब्यांजवळ, नदीतील एका बेटावर ठाणे स्थापन केले. त्या वेळी या परिसरावर अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांचा प्रभाव होता. त्यांच्याशी युद्ध परवडणारे नसल्याने मुक्त राज्याने १८८७ मध्ये झांझिबारचा मातब्बर व्यापारी टिप्पू टिप यालाच स्टॅन्ली फॉल्स जिल्ह्याचा सुभेदार नेमले. पुढे धबधब्यांना वळसा घालणारा सुमारे १२५ किलोमीटरचा लोहमार्ग १९०६ मध्ये सुरू झाला. पात्रिस लुमुंबा यांनी याच शहरात टपाल खात्यात नोकरी केली व येथूनच त्यांचे राजकारण आकारास आले. १९६४ मध्ये ‘सिंबा’ बंडखोरांनी शहर ताब्यात घेतले. २४ नोव्हेंबर १९६४ रोजी बेल्जियन छत्रीधारी सैनिक येथे उतरले. जून २००० मध्ये रवांडा व युगांडा या दोन परकीय देशांच्या सैन्यांनी याच शहरात सहा दिवस परस्परांशी युद्ध केले. या व अन्य हानीबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये युगांडाला ३२.५ कोटी डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. धबधब्यांमध्ये लाकडी सांगाडे रोवून त्यांना मोठ्या टोपल्या बांधून मासे पकडण्याची वागेनिया लोकांची पद्धत प्रसिद्ध आहे.

लुबुंबाशी

हे शहर १९१० मध्ये तांब्याच्या भट्टीसाठी वसवले गेले. त्याला बेल्जियमच्या राणीच्या नावावरून एलिझाबेथव्हिल म्हणत. त्याच वर्षी दक्षिणेकडून, तत्कालीन ऱ्होडेशियातून, लोहमार्ग येथे पोहोचला. त्यामुळे या शहराचे व्यापारी संबंध लेओपोल्डव्हिलपेक्षा दक्षिण आफ्रिकेशी अधिक जवळचे राहिले. कटांगाच्या अलगपणाच्या भावनेचे हे एक कारण होते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या युनियन मिनिएर या कंपनीचे शहरावर वर्चस्व होते. १९६७ मध्ये तिच्या काँगोतील मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण झाले.

फुटीर काळात एलिझाबेथव्हिल ही कटांगाची राजधानी होती. १७ जानेवारी १९६१ रोजी माजी पंतप्रधान लुमुंबा यांची शहराजवळ हत्या करण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकड्यांचा मोठा वाटा होता. ५ डिसेंबर १९६१ रोजी येथील विमानतळाकडील मार्गावरचा अडथळा दूर करताना गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

कनांगा आणि म्बुजी-मायी

कनांगाजवळचे मूळ ठाणे जर्मन प्रवासी हेर्मान व्हिसमान याने १८८४ मध्ये स्थापन केले. लुलुआ नदीवरून त्याला लुलुआबुर असे नाव पडले. १८९५ मध्ये येथील सैनिकांनी मुक्त राज्याविरुद्ध बंड केले होते. १९५९–६० मध्ये लुलुआ व लुबा या समाजांत येथे रक्तरंजित संघर्ष झाला आणि हजारो लुबा कुटुंबे पूर्वेकडील बाक्वांगा या हिऱ्यांच्या खाणीच्या वस्तीत आश्रयास गेली. बाक्वांगा हे तोवर कंपनीचे लहानसे गाव होते. निर्वासितांच्या ओघामुळे अल्पावधीत त्याचे मोठे शहर झाले आणि तेच म्बुजी-मायी होय. दक्षिण कसाईच्या फुटीर राज्याची राजधानीही तेच होते. लुबा भाषेतील या नावाचा अर्थ ‘बोकडाचे पाणी’ असा सांगितला जातो.

म्बांडाका, ग्बादोलिते, कोल्वेझी आणि गोमा

विषुववृत्तालगत वसलेले म्बांडाका १८८३ मध्ये एक्वातेरव्हिल या नावाने स्थापन झाले. ग्बादोलिते हे मोबुटू यांच्या कुळाचे लहानसे गाव. त्यांनी तेथे राजवाडे व मोठ्या विमानांसाठी धावपट्टी बांधली. १९९७ नंतर ते वैभव लुटले जाऊन उद्ध्वस्त झाले. २०१५ पासून ते उत्तर उबांगीचे मुख्यालय आहे. कोल्वेझी हे तांबे व कोबाल्ट यांचे जागतिक महत्त्वाचे केंद्र आहे. १९७८ मध्ये अंगोलातून आलेल्या बंडखोरांनी ते काबीज केल्यावर फ्रेंच छत्रीधारी सैनिक तेथे उतरवण्यात आले होते. किवू सरोवराच्या काठचे गोमा न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. जानेवारी २००२ मधील उद्रेकात लाव्हा शहराच्या मध्यभागातून वाहिला. मे २०२१ मध्येही उद्रेक झाला. जानेवारी २०२५ मध्ये गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही दोन प्रांतमुख्यालये ‘एम२३’ या बंडखोर गटाने ताब्यात घेतली.

नगरांचे नामांतर

वसाहतकाळात अनेक नगरांना राजघराण्यातील व्यक्तींची, अधिकाऱ्यांची व कंपनीसंचालकांची नावे देण्यात आली होती. १९६६ मध्ये प्रमुख शहरांची नावे बदलण्यात आली आणि पुढे हे धोरण देशभर विस्तारले. महत्त्वाची नामांतरे अशी:
- लेओपोल्डव्हिल – किन्शासा
- स्टॅन्लेव्हिल – किसांगानी
- एलिझाबेथव्हिल – लुबुंबाशी
- कोकियाव्हिल – म्बांडाका
- लुलुआबुर – कनांगा
- जादोव्हिल – लिकासी
- अल्बेरव्हिल – कालेमी
- बानिंगव्हिल – बांदुंदू
- पोर-फ्रांकी – इलेबो
- थिसव्हिल – म्बान्झा-न्गुंगू
- पॉलिस – इसिरो

१९९७ मध्ये देशाचे व प्रांतांचे नाव पूर्ववत झाले, तरी शहरांची वसाहतकालीन नावे परत आणली गेली नाहीत. बुकावूचे कोस्तरमान्सव्हिल हे नाव तर स्वातंत्र्यापूर्वीच, १९५० च्या दशकात, बदलले होते.

विकेंद्रीकरणातील अडचणी

संविधानाच्या १७५ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रीय महसुलातील ४० टक्के वाटा प्रांतांना मिळावयाचा असून तो उगमस्थानीच वळता करून घ्यावयाचा आहे. याशिवाय प्रांतांमधील विषमता कमी करण्यासाठी राष्ट्रीय महसुलाच्या १० टक्क्यांचा समतोल निधी १८१ व्या अनुच्छेदात सांगितलेला आहे. प्रांतांना मिळालेल्या वाट्यातील ४० टक्के रक्कम विकेंद्रित घटकांना द्यावी, असे २००८ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात उगमस्थानी वजावट करण्याची पद्धत लागू झाली नाही. महसूल प्रथम किन्शासाला जमा होतो आणि तेथून प्रांतांना त्यांच्या हक्कापेक्षा कमी व अनियमित रक्कम मिळते.

नव्या प्रांतांमधील आर्थिक तफावत मोठी आहे. लुआलाबा व वरचा कटांगा यांना खाणींचे उत्पन्न आहे. चुआपा, सांकुरू किंवा खालचा उएले यांसारख्या वनप्रदेशातील प्रांतांत करपात्र उद्योग जवळजवळ नाहीत, रस्ते तुटपुंजे आहेत आणि राज्यपाल, मंत्री व विधानसभा यांचा खर्च मात्र अटळ आहे. जुन्या मोठ्या प्रांतात श्रीमंत जिल्ह्याचे उत्पन्न गरीब जिल्ह्याला उपयोगी पडे. विभाजनानंतर तो आधार राहिला नाही.

आणखी एक अडचण लोकसंख्येच्या माहितीची आहे. देशात १९८४ नंतर जनगणना झालेली नाही. शहराचा वा कम्यूनचा दर्जा लोकसंख्येवर अवलंबून असताना ती लोकसंख्या अंदाजावरूनच धरावी लागते. २००६ च्या संविधानाने अपेक्षिलेल्या स्थानिक परिषदांच्या निवडणुकाही दीर्घकाळ लांबल्या. २० डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर कम्यून परिषदांसाठी मतदान घेण्यात आले, पण ते मोजक्या कम्यूनपुरते मर्यादित होते. सेक्तर व शेफरी यांच्या परिषदा त्यात समाविष्ट नव्हत्या.